माशाचं माहेर

आमचे आप्पा कार्टून बघताना कधी हसायचे नाहीत. ते काळजी करायचे. पडद्यावर एखाद्या पैलवानाचं मुंडकं उडून छताच्या पंख्यावर जाऊन बसलं की आम्ही पोरी हसून हसून खुर्चीवरून खाली यायच्या बेतात, आणि आप्पा कपाळाला आठ्या घालून विचारणार, "त्याच्या घरी कळवलं का कुणी?"

"आप्पा, कार्टून हाय ते."

"हाव, मग? कार्टूनला घर नसतंय व्हय?"

कप्पाळ! असल्या माणसाच्या हाताखाली मी लातूरला जवळजवळ तीन वर्षं काढली. आता नवऱ्याच्या बदलीनं नांदेडला आलेय, इथं एका शाळेत चित्रकला शिकवते. पोरं आकाश निळं रंगवतात, झाड हिरवं रंगवतात, सगळं कसं शहाण्यासारखं चाललेलं असतं. अशा वेळी मला आप्पांची फार आठवण येते.

लातूरच्या कापड लाइनीत त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, लेस, असला सगळा बायकांचा कारभार. बाई साडी घेऊन आली की आप्पा ती दारातल्या उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि मागच्या फळीवरून बरोब्बर त्याच रंगाचं कापड ओढून काढायचे. कधी चुकायचेही, पण चूक कबूल करतील तर शपथ. "कापड बरोबर हाय, तुमची साडी धुण्यात उतरली," असं म्हणून गिऱ्हाइकालाच गप करायचे.

दुकानाच्या वर एक खोली होती, तिथं लोखंडी जिन्यानं जायचं. त्या खोलीत पाच कॉम्प्युटर आणि आम्ही पाच जणी. मुंबईच्या एका कंपनीनं परदेशातली जुनीपानी काळीपांढरी कार्टूनं घेतली होती, पार आजोबा-पणजोबांच्या काळातली. आजकालची लेकरं काळंपांढरं बघत नाहीत, म्हणून ती नव्यानं रंगीत करायची होती. म्हणजे जुन्या सिनेमातलं एकेक चित्र कॉम्प्युटरवर परत गिरवायचं आणि त्यात रंग भरायचा. एका मिनिटाच्या सिनेमाला इतकी चित्रं लागतात की सांगितलं तर खोटं वाटेल. कुणा नातलगाच्या ओळखीनं हे काम आप्पांकडं आलं. त्यांनी विचार केला, आपला जन्म रंग जुळवण्यात गेला, खाली साडीला जुळवतो, वर कार्टूनला जुळवू.

आणि ती कार्टूनं म्हणजे तरी काय! घर जांभई देतंय. पियानोला पाय फुटलेत आणि तो पळून जातोय. चंद्र खाली उतरून कुणाच्या तरी बिडीवर आपली बिडी पेटवून घेतोय. कशाचं काय होईल, काही नेम नाही. आमच्यातली एक म्हणायची, काढणाऱ्यांनी भांग पिऊन काढली असणार. आप्पांना ते पटायचं नाही. त्यांच्या मते तिकडचे लोक दुःखी असावेत.

माझी मुलाखतही अशीच झाली. चित्रकलेच्या डिप्लोम्याचा कागद मी नांदेडहून प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता, त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कॉम्प्युटरवर एक ढग दाखवला. ढगाला डोळे होते, भुवया ताणलेल्या होत्या आणि तो एका म्हातारीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मुद्दाम पाणी शिंपडत होता.

"रंग सांग."

"पांढरा," मी म्हणाले.

"कोणाचा हाय?"

"म्हणजे?"

"आगं, ढग कोणाचा हाय? त्या म्हातारीशी त्याचं भांडण कशावरून?"

मला काय सुचलं देव जाणे. मी म्हणाले, "शेजारचा असंल. सामाईक भिंतीवरून वाद असंल त्यांचा."

आप्पांचा चेहरा असा खुलला म्हणता! "मग पांढरा कसा राहील बाई? भांडकुदळ माणसाचं तोंड पांढरं असतंय का कधी? जांभळट घे. वांगी न्हाई, कोनफळी." झाली माझी नोकरी पक्की.

कॉम्प्युटरमध्ये रंगांना आकडे असतात. आप्पांना त्या आकड्यांचा भयंकर राग. "लेकराला नंबरानं हाक मारता का?" म्हणायचे. त्यामुळं आमच्या खोलीत आमसुली, चिंतामणी, गुलबक्षी, श्रीखंडी, मोरपंखी असेच रंग चालायचे, आणि त्या प्रत्येकाची चिंधी आप्पांच्या सदऱ्याला टाचणीनं लावलेली असायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि खाली छातीभर चिंध्या. लांबून गोधडीच चालत येतेय असं वाटायचं. नवं कार्टून सुरू करायच्या दिवशी ते कॉम्प्युटरलाही विभूती लावायचे. मग हात जोडून पडद्याला म्हणायचे, "सगळ्यांना सुखरूप ठेवा."

एकदा तर कहर झाला. रेणापूरची एक बाई भावाच्या लग्नातली कोरी साडी घेऊन मॅचिंगला आली. आप्पांनी साडी उजेडात धरली आणि त्यांची नजर तिथंच खिळली. वर एक जिना आमच्या मानगुटीवर बसला होता. खराखुरा नाही, कार्टूनमधला. तो दारू पिऊन गावभर हिंडायचा आणि त्याच्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसं गडगडायची. त्याचा रंग काही केल्या ठरत नव्हता. आप्पा म्हणाले, "बाई, दोन मिनिटं. उलीसं जिन्याला लावून बघतो," आणि साडी घेऊन वर पळाले.

बाईला वाटलं, हा माणूस आपल्या साडीनं लोखंडी जिना पुसणार. तिनं जी काय बोंब मारली! "आवं भाऊ, कोरी साडी हाय माझी! फडकं मिळंना का तुमाला?" ओरडतच ती वर आली. बघते तर आप्पांनी साडी कॉम्प्युटरवर पसरलेली आणि आम्ही पाच जणी भोवती उभ्या. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, कार्टून दाखवलं. बाई खुर्ची पुढं ओढून बघत राहिली. मग म्हणाली, "नुस्ता अंगाचा रंग कामून घेताव? काठ बी घ्या की."

आप्पांना ते इतकं पटलं की त्या दारुड्या जिन्याच्या कठड्याला आम्ही साडीचा जरीकाठ काढला. कार्टून मुंबईला गेलं, पास झालं. बाईला अस्तर फुकट मिळालं आणि आप्पांना त्या दुपारी चहा मिळाला नाही.

चहा न देणाऱ्या म्हणजे काकू, आप्पांच्या बायको. दुकान खरं त्याच चालवायच्या. भालकीच्या, म्हणजे तिकडं कर्नाटकातल्या, पण बोलणं असं अस्सल लातुरी की सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या खोलीला त्या "वरचं भूत" म्हणायच्या आणि जिना कधी चढायच्या नाहीत. खालूनच हाक मारून सांगायच्या, "दिवाळीपर्यंत बघून घेते मी. न्हाई चाललं तर वर पिको-फॉलच्या मशिनी टाकते. या पोरींना त्येच शिकवते."

हे ऐकलं की आम्ही माना खाली घालून आणखी भराभर रंग भरायचो. पिको-फॉल वाईट काम आहे असं मुळीच नाही. पण मला चित्रं काढायची होती. लहानपणापासून तेवढंच करायचं होतं. आणि साऱ्या लातुरात चित्रं काढायचा पगार देणारं हे एकच दार मला सापडलं होतं, त्यात असा मालक.

मालक म्हणजे बघा, कोंबडीच्या तंगडीचं प्रकरण. एका कार्टूनमध्ये एक रेडा हॉटेलात बसून भाजलेली तंगडी खातो असं होतं. आप्पांनी ते बघितलं आणि मान फिरवली. आमच्या हातून हे व्हायचं नाही म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, रेडा खातोय, आपण नाही. तरी ऐकेनात. शेवटी खूप विचार करून त्यांनी तोडगा काढला. तंगडीचं मांस जांभळं करायला लावलं आणि हाड हिरवं. झालं भरताचं वांगं, देठासकट! तो रेडा हाडाला धरून दातानं वांगं ओरबाडतोय, असं ते कार्टून आजही कुठंतरी चालू असेल. मुंबईहून एवढंच विचारलं, हे कसलं फळ? आप्पा म्हणाले, इकडचं हाय.

तर माशाची गोष्ट अशी झाली. दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते. नव्या कार्टूनमध्ये एका ढेरपोट्या साहेबाचा बूट चालून चालून वैतागतो, आपली नाडी आपणच सोडतो, नदीत उडी मारतो आणि त्याचा मासा होतो. मग साहेब एका पायानं अनवाणी गावभर चौकशी करत हिंडतो आणि मासा तिकडं मजा मारतो, नाचतो, म्हातारीची छत्री पळवतो. बूट आम्ही विटकरी केला होता आणि मासा चिंतामणी, छान निळा. पाण्यात उडी पडली की विटकरीचा निळा. मी रंग भरले आणि आप्पांना दाखवले.

"थांब. बूट कुठं गेला?"

"मासा झाला ना आप्पा."

"झाला, कबूल. पण बूट कुठं गेला?"

मी बेजार. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि माझ्यासमोर बसले. "तू हदगावची. लग्न करून लातुरात आलीस. आता हदगाव गेलं का तुझ्यातलं?"

मला हसू आलं. कारण आमच्या सासूबाई रोज हेच म्हणायच्या. तिकडं नांदेड जिल्ह्यात, हदगावकडं आम्ही 'करून राहिले', 'जाऊन राहिले' असं बोलतो, लातूरला तसं फारसं नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून जेवून राहिली, झोपून राहिली, सगळीकडं राहूनच राहिली." मी आप्पांना ते सांगितलं. म्हटलं, "सगळे सुधर म्हणून राहिले, पण जातच नाही बघा तोंडातून."

"कशाला घालवतीस? ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "माहेरचा रंग हाय तो. माणसाचा जात न्हाई तर बुटाचा कसा जाईल? माशाच्या शेपटीवर विटकरी ठिगळ ठेव. पार शेवटपर्यंत."

लग्न झाल्यापासून माझं बोलणं राहू दे म्हणणारा हा पहिला माणूस, आणि तोही एका बुटाच्या निमित्तानं म्हणाला.

पण आप्पांचं हे असंच, एकदा डोक्यात घुसलं की घुसलं. त्या कार्टूनमध्ये जे जे बदलत होतं त्या सगळ्याला माहेर मिळालं. किटलीचा कोंबडा होतो, त्याच्या तुऱ्यावर पितळी ठिगळ. टोपीची छत्री होते, तिच्या टोकाला टोपीचा काळा रंग. आम्ही मान मोडून काम केलं आणि कार्टून मुंबईला पाठवलं.

चौथ्या दिवशी फोन आला. तिकडचा मुलगा चांगला होता बिचारा, कधी आवाज चढवायचा नाही. आप्पांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"आप्पासाहेब, सगळ्या कार्टूनभर डाग दिसतायत हो."

"डाग न्हाईत साहेब. माहेर हाय."

"कोणाचं?"

"माशाचं."

तो म्हणाला, "हे बघा, शुक्रवारपर्यंत डाग काढून पाठवा. नाहीतर वरचे लोक म्हणतायत, पुढचं सगळं काम मशीनवर करून घेऊ. ते स्वतःच रंग भरतं, माणूस लागत नाही."

आप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "न्हाई काढायचे."

संपलं! काम गेलं की दिवाळीची वाटही बघायला नको, काकू दुसऱ्या दिवशी पिकोच्या मशिनी आणणार. पोरींनी समजावलं, एक जण रडली, आप्पा ढिम्म. बुधवार गेला. गुरुवारी सकाळी मला राहवेना. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, माशाच्या माहेरापायी आमचं काय करून राहिले तुम्ही? मासा उद्या दुसरीकडं पोहंल. आम्ही कुठं जायचं?"

"तुझं खरं हाय," आप्पा म्हणाले. त्यांचं तोंड अगदी उतरलं होतं. "पण पुसायचं म्हटलं की हात उचलंना. त्याचं त्याच्याजवळ काय राहिलं मग?"

तिथं भांडून उपयोग नव्हता. मी तडक खाली गेले आणि काकूंना सगळं सांगितलं, शुक्रवारसकट. वाटलं, आता ही बाई आनंदानं पिकोवाल्याला फोन लावणार. काकूंनी हातातलं कापड घडी करून ठेवलं, गुडघ्यावर हात टेकला आणि पहिल्यांदाच जिना चढून वर आल्या.

"दाखव," म्हणाल्या.

मी कार्टून पहिल्यापासून लावलं. बुटानं नाडी सोडली तशा काकू हसल्या. साहेब अनवाणी पायानं पोलिसाला विचारायला गेला तेव्हा त्यांनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू मावेना. आप्पा दुखावले. "हसायला काय झालं? त्या माणसाच्या पायाला खडे टोचायलेत."

"गप बसा हो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. मग जरा वाकून बघायला लागल्या. "ह्ये शेपटीला काय चिकटलंय?"

मीच म्हणाले, "काकू, ते त्याचं माहेर हाय. आधी बूट होता ना तो. आप्पा म्हणतात, माहेरचा रंग जात न्हाई."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी कार्टून शेवटपर्यंत बघितलं, नजर सगळा वेळ त्या शेपटीवर. संपल्यावर त्या आप्पांकडं वळल्या.

"आवं, साडीला फॉल कुठून लावत्यात?"

"आतून."

"आन् बाहेरून लावला तर?"

"गिऱ्हाईक साडी तोंडावर फेकंल."

"मग? एवढा जन्म फॉल विकण्यात गेला आन् ह्ये कळंना तुमाला? माहेर काय शेपटीला बांधून मिरवत्यात? ते आत असतंय. तोंड उघडलं तर दिसतंय, न्हाई तर न्हाई. माशाच्या तोंडात लावा रंग."

आप्पा स्टूल ओढून पडद्याजवळ बसले आणि हळूच मला म्हणाले, "तोंड कितींदा उघडतो गं?"

बऱ्याचदा उघडत होता. म्हातारीची छत्री पळवताना तर चांगला आ वासत होता. आप्पांनी मान डोलावली आणि आम्ही पाच जणी कामाला भिडलो. शेपटी निळी केली, तोंडाच्या आत विटकरी. कोंबड्याचं पितळ पंखाखाली गेलं. छत्रीला आतून काळं अस्तर लावलं, ते आप्पांनी स्वतः सांगून करून घेतलं. शुक्रवारी दुपारी कार्टून मुंबईला गेलं, आणि त्या संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावताना दुसरं काहीच मागितलं नाही.

सोमवारी फोन आला. "आप्पासाहेब, आता कसं एकदम स्वच्छ! सगळे डाग गेले. पुढची चार कार्टूनं पाठवून देतो." पोरींनी जो काय गलका केला! एकीनं तर मला उचललंच. आप्पा चिंध्या सावरत उठले आणि खाली निघाले, आणि मीही मागोमाग गेले, कारण काकूंना ही बातमी मलाही सांगायची होती.

काकू काउंटरवर होत्या. घरात लग्न असलेली एक बाई अस्तर घ्यायला आली होती आणि काकू कापड मीटरपट्टीला लावून मोजत होत्या. आप्पांनी बातमी सांगितली. काकू मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं. आता पिकोची एकच मशीन घेते, ती जिन्याखाली बसंल," आणि परत मोजायला लागल्या. एक. दोन.

आप्पा तिथंच उभे. गिऱ्हाइकासमोरच त्यांनी विचारलं, "आन् तुझं कुठं हाय?"

"काय?"

"माहेर. एवढ्या वर्षांत मला कधी दिसलं न्हाई."

काकूंचा हात पट्टीवर थांबला. मला वाटलं, आता आप्पांची धडगत नाही. पण त्या कापडाकडंच बघत म्हणाल्या, "मोजताना."

"मोजताना काय?"

"तोंडानं एक-दोन म्हणते ते गिऱ्हाइकासाठी. आत कानडीत ओंदु, एरडु, मूरु चालू असतंय. भालकीहून आले तवापासून. मराठीत मोजलं तर माप चुकतंय माझं."

चंद्राच्या आणि ढगाच्या घरची चौकशी करणारा माणूस! त्यांचं तोंड बघवत नव्हतं. दुकानात रोज दिवसभर ते या मोजण्याशेजारीच बसत आले होते. त्यांनी सदऱ्याच्या दोन-तीन चिंध्या उगाच चाचपल्या आणि म्हणाले, "मग मोठ्यानं मोज की."

"आवं, गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"माय, मला चार मीटर पायजे," ती बाई म्हणाली. "कशात बी मोजा."

काकूंनी कापड पहिल्यापासून धरलं. माझ्याकडं बघितलं, बाईकडं बघितलं, आप्पांकडं मात्र बघितलं नाही. "ओंदु," पुटपुटल्या. आप्पा म्हणाले, ऐकू आलं न्हाई. तेव्हा दुसरं माप त्यांनी असं खणखणीत म्हटलं की वरच्या पोरी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "एरडु!" आणि आप्पा हाताची घडी घालून, शाळेतल्या पोरासारखे त्यांच्या मागून म्हणाले, "एरडु."